डी.एड. कॉलेजने सत्कार कोणाचा करावा?

आमच्या अध्यापक विद्यालयाच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डी.एड. कॉलेजच्या, माजी छात्राध्यापकांचा मेळावा घाटतो आहे. 'यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा गौरव' हा त्यातला मुख्य कार्यक्रम. सत्कारमूर्तींची पहिली यादी बॅचच्या गटावर फिरली. स्पर्धा परीक्षेतून तहसीलदार झालेले एक सर, पोलीस खात्यात गेलेले दोघे, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, एक बांधकाम व्यावसायिक आणि शिक्षण विभागात वरच्या खुर्चीवर पोचलेले काहीजण. सगळे कष्टाने पुढे आलेले आहेत. त्यातल्या काहींची गरिबी मी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. त्यांचा सत्कार गावाने करावा, तालुक्याने करावा. पण शिक्षक घडवणाऱ्या संस्थेने काढलेल्या यादीत, केवळ उत्तम शिकवतो किंवा शिकवते म्हणून आलेलं एकही नाव नसावं, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

दोन वर्षं आपल्याला त्या इमारतीत काय शिकवलं गेलं? सूक्ष्म अध्यापन (शिकवण्याचं एकेक कौशल्य छोट्या पाठातून सरावणं), पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा), फलकलेखन, सराव पाठ. मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या मॅडम पाठ संपला की म्हणायच्या, "प्रश्न चांगला विचारलास, पण उत्तर यायच्या आधी तूच देऊन टाकलंस." त्या एका शेऱ्यावर मी आजही वर्गात थांबायला शिकते आहे. मुलाने उत्तर शोधावं म्हणून गप्प राहणं किती अवघड असतं, ते शिकवणाऱ्यालाच कळतं. ही विद्या ज्यांनी पुढे नेली, वाढवली, वाडीवस्तीवरच्या मुलांपर्यंत पोचवली, ते आपल्या संस्थेचे यशस्वी विद्यार्थी नाहीत, तर मग कोण?

आपल्या पेशाची रचनाच अशी आहे की पुढे जाणं म्हणजे मुलांपासून लांब जाणं. उपशिक्षकाचा मुख्याध्यापक होतो, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी. प्रत्येक पायरीवर कागद वाढतात आणि मुलं कमी होतात. पहिलीचा वर्ग ज्येष्ठतेने मिळवायची गोष्ट आहे असं कुणी मानत नाही. उलट नव्या, अननुभवी माणसाच्या गळ्यात तो घातला जातो, कारण पहिली घ्यायला कुणी तयार नसतं. खरं तर अख्ख्या शाळेत सर्वांत अवघड काम तेच. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या, पेन्सिल पहिल्यांदा धरणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं. वर्षानुवर्षं पहिलीच मागून घेणारी एक बाई माझ्या ओळखीत आहे. बदली झाली तरी नव्या शाळेत जाऊन पहिली मागते. दिवाळीपर्यंत तिची बहुतेक मुलं आपणहून गोष्टीचं पुस्तक उघडून बसतात. तिच्या नावाची चर्चा कुठल्याच गटावर होत नाही.

या बाबतीत मला ताराबाई मोडक नेहमी आठवतात. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला एका भारतीय बाईकडे ते पद असणं ही केवढी मोठी गोष्ट होती! ते सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, लहान मुलांबरोबर काम करायला. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. बोर्डीपासून त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलेल्या, शहरातली स्थिर नोकरी असलेल्या अनुताई ते सगळं सोडून डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर गेल्या आणि तिथल्याच झाल्या.

दोघींनी तिथे केलेलं काम प्रत्येक छात्राध्यापकाने बारकाईने समजून घ्यावं असं आहे. माँटेसरीची महागडी साधनं पाड्यावर आणणार कुठून? मग शंखशिंपले, बिया, पानं, काड्या, खडे हेच साहित्य झालं. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. थोडी मोठी मुलं गुरांमागे रानात जातात, तर शाळा कुरणावर न्यायची. ती कुरणशाळा. मूल गैरहजर का, याचं उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात शोधलं नाही, शाळेच्या मांडणीत शोधलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. देशाने दोघींचा सन्मान केला तो जमिनीवर बसून, लहान मुलांमध्ये केलेल्या कामासाठी.

सावित्रीबाईंचंही तेच. ३ जानेवारीला आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणून वंदन करतो, पण त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या हे भाषणांतून सहसा येत नाही. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले होते. प्रत्येक अध्यापक विद्यालयाने अभिमानाने सांगावी अशी ही परंपरा आहे.

अगदी अलीकडचं उदाहरण रणजितसिंह डिसले गुरुजींचं. इंजिनिअरिंग सोडून त्यांनी डी.एड. केलं आणि सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षीस दहा लाख डॉलरचं, म्हणजे तेव्हाचे सुमारे सात कोटी रुपये. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्याकडे चर्चा झाली ती सात कोटींची, फार तर त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची. मला स्वतःला सर्वांत मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. कन्नड बोलणाऱ्या मुलांना पुस्तक कळत नव्हतं, म्हणून ते कन्नड शिकले आणि पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली. शिक्षक म्हणून मला विचाराल तर सत्कार त्या कन्नडचा व्हायला हवा.

पदावर गेलेल्या माणसांचं नाव यादीत नकोच, असं माझं म्हणणं नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी असताना ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात अशा, पद्धतीने वर्ग कसे फुलले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. आमच्याही तालुक्यातून गाडी करून मंडळी गेली होती आणि परत येऊन, मुलांना खेळत शिकता यावं म्हणून, आपापल्या वर्गाच्या फरशा रंगवू लागली. अधिकारी असूनही ज्यांची नजर मुलाच्या शिकण्यावरून हलली नाही, त्यांना जरूर बोलवा. निकष खुर्चीचा नसावा, त्या माणसामुळे मुलं काय शिकली याचा असावा.

आणखी एक गट आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. २००० सालानंतर गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली. बारावीला चांगले गुण मिळवलेली शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं-मुली मोठ्या आशेने तिकडे गेली. ३,००० रुपये मानधनावर का होईना, शिक्षण सेवक (कायम होण्याआधी मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून लागू, या भरवशावर. २०१२ मध्ये भरती थांबली. २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. वयं वाढत गेली. त्यातले कितीतरी जण आज किराणा दुकानात, कंपनीत, शेतात आहेत. पण काहींनी शिकवणं सोडलं नाही. कुणी तुटपुंज्या पगारावर खाजगी शाळेत, कुणी संध्याकाळी मंदिराच्या ओसरीवर. आमच्या नंतरच्या बॅचची एक मुलगी कारखान्याच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन मुलांना वाचायला शिकवते. ती मेळाव्यांना येत नाही. 'माझं काय झालंय सांगण्यासारखं?' म्हणते. हे ऐकलं की गलबलून येतं. सरकारने तिला नोकरी दिली नाही, पण तिला शिक्षक मानण्यासाठी आपल्या संस्थेला कुठल्या शासन निर्णयाची गरज आहे? प्रमाणपत्रावर तर आपल्याच प्राचार्यांची सही आहे.

निवड कशी करावी, हा प्रश्न रास्त आहे. पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःचाच प्रस्ताव तयार करायचा, त्याला फोटो आणि कात्रणं जोडायची, फाईल जाड करायची, ही पद्धत मला मुळातच पटत नाही. जो खरोखर वर्गात रमला आहे, त्याला स्वतःचे फोटो काढायला सवड नसते. अध्यापक विद्यालयाजवळ याहून चांगलं साधन आहे आणि ते आपण सगळे जाणतो: पाठ निरीक्षण. आपल्या प्राध्यापकांनी, नाव सुचवलेल्या शिक्षकांच्या शाळांवर जावं, मागच्या बाकावर बसावं, एक तास पाहावा. मुलांच्या वह्या चाळाव्यात. शिकून गेलेल्या मुलांशी आणि त्यांच्या आयांशी बोलावं. सोबत सध्याच्या छात्राध्यापकांनाही न्यावं, म्हणजे आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाच्या काळात) कधी दिसला नसेल असा वर्ग त्यांना पाहायला मिळेल.

आणि सत्काराचं स्वरूपही बदलावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह द्यायचं ते द्या. पण त्या शिक्षकाला दोन मिनिटांचं मनोगत सांगायला लावून खाली बसवू नका. त्याला दिग्दर्शन पाठ, म्हणजे नमुन्याचा पाठ, घेऊ द्या. आपल्याला पहिल्या वर्षाला सर-मॅडम दिग्दर्शन पाठ देत, तसाच, सराव पाठशाळेतल्या खऱ्या मुलांसमोर. हातचा घेऊन बेरीज, जोडाक्षरांचं वाचन, काहीही. समोर छात्राध्यापक, मागे आम्ही सगळे जुने विद्यार्थी. पाठ झाल्यावर चर्चा व्हावी, हा प्रश्न असा का विचारलात, ते मूल अडलं तेव्हा काय ओळखलंत, दोन इयत्ता एका खोलीत असतात तेव्हा दुसरी इयत्ता काय करत असते. अशा पाठांचं चित्रीकरण करून विद्यालयात ठेवलं, तर काही वर्षांत या जिल्ह्यातल्या मुलांना इथल्याच बोलीत कसं शिकवतात याचा मोठा ठेवा जमेल. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक चांगल्या शिक्षकाबरोबर हे ज्ञान आज घरी जातं आहे.

एका मित्राने विचारलं, मान्यवर नसतील तर देणगी कोण देणार, इमारतीचं छत गळतंय. अडचण खरी आहे. देणगीदारांचे आभार मोकळ्या मनाने, व्यासपीठावरूनच मानू. त्यांनी पहिल्या रांगेत बसून तो दिग्दर्शन पाठ पाहावा. डी.एड. करून पुढे वेगळ्या वाटेने गेलेल्या माणसालाही तो पाहताना आनंदच होईल, याची मला खात्री आहे.

संयोजन समितीतल्या सर्व दादा-ताईंना विनंती, यादी अजून पक्की झालेली नाही, तर एक आठवडा थांबा. बॅचमधल्या प्रत्येकाने एकेक नाव पाठवावं, स्वतःचं सोडून. नावापुढे पद, पुरस्कार, गाव काही नको. त्या शिक्षकाच्या वर्गात कुठलं मूल काय शिकलं, एवढंच दोन ओळींत लिहा. मी सुचवणार ते नाव आज रात्री पाठवते आहे, त्या पहिली मागून घेणाऱ्या बाईंचं.