तिची सही राहिली होती

आज संध्याकाळी तलावपाळीवर आम्ही तिघं नेहमीच्या कट्ट्यावर बसलो आणि कोपऱ्यातली जागा सवयीने मोकळी सोडली. ती आमच्या चौथ्या मित्राची. त्याला जाऊन महिना होत आला. लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितोच.

आमची मैत्री गाडीतली. सकाळी ठाण्याहून सुटणारी स्लो, ठरलेला डबा, सत्तावीस वर्षं. तो माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होता आणि रेल्वेवर त्याचा जीव. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीबद्दल तो घरातल्या लग्नासारखं बोलायचा. १४ डबे, ४०० पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. आम्हा तिघांना त्याने हीच नावं ठेवली. मी साहिब. स्वतः मात्र गार्ड. "मी हिरवा दाखवल्याशिवाय तुम्ही हलायचं नाही," म्हणायचा.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी तो नेत्रदानाचा आणि देहदानाचा फॉर्म घेऊन आला. साक्षीदार म्हणून सिंधने आणि मी तिथेच सह्या केल्या. नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी होती. "घरी घेतो," म्हणाला. आम्ही चहाला उठलो. त्यानंतर किती रविवार गेले, त्या सहीचं काय झालं हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

तो गेला पहाटे साडेतीनला, झोपेत. वहिनींचा फोन आला आणि वीस मिनिटांत आम्ही तिघं नौपाड्यात त्यांच्या घरी होतो. मुलगा बंगळुरूला, पहिल्या विमानाने निघणार होता. थोड्या वेळाने मी हळूच म्हटलं, "वहिनी, त्याची एक इच्छा होती."

"कसली इच्छा?"

त्या दोन शब्दांनी माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

डोळ्यांना वेळ नसतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटल काढावं लागतं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालेल?" चालतं. चष्मा असला तरी, मधुमेह असला तरी चालतं. सुलतानने पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. सिंध त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना उठवून घेऊन आला. घरी मृत्यू झाला की डॉक्टरांचा दाखला हातात लागतो, फॉर्म ४ए. तो मिळाला नाही आणि प्रकरण पोस्टमॉर्टेमवर गेलं, तर देहदान तिथेच संपतं. सातच्या सुमारास नेत्रपेढीची माणसं आली, वीस मिनिटांत गेली. चेहरा होता तसाच शांत. खोबण्या दिसतील म्हणून धास्तावलेल्या नातलगांनी जवळ जाऊन पाहिलं आणि मग काही बोलले नाहीत.

देहाचं एवढं सोपं नव्हतं. त्याचे थोरले बंधू आले होते. "अग्नी न देता गती कशी मिळेल?" म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. आपल्याकडे अशा माणसाला लगेच जुनाट ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्याने बापाला अग्नी दिला, धाकट्याला खांद्यावर खेळवलं, त्याचा प्रश्न खरा होता. मी फॉर्म पुढे करणार होतो, सुलतानने माझा हात धरला. बरं केलं. शरीररचना अभ्यासासाठी देह देण्याचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे, पण माणूस गेल्यावर देह घरच्यांच्या ताब्यात असतो. लिहून ठेवलेलं असलं तरी घरचे नाही म्हणाले तर कॉलेज जबरदस्ती करत नाही. आणि करूही नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहिनींनी फॉर्म मागून घेतला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"भावजी, तुमच्या दोघांच्या सह्या आहेत. माझी नाही."

पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. देहदानाला त्यांचा विरोध नव्हता. अडतीस वर्षं संसार केलेल्या माणसाने मरणाची गोष्ट कट्ट्यावर सांगितली आणि घरात नाही, हे त्यांना लागलं होतं. ते फक्त त्याचं चुकलं नाही, आमचंही चुकलं.

वाट काढली ती गुरुजींनी. देह हाती नसेल तर दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात, शास्त्रात त्याची सोय आहे, असं त्यांनी बंधूंना शेजारी बसवून समजावलं. म्हाताऱ्याचे खांदे सैल झाले. अकरा वाजता मुलगा आला, आईजवळ आत गेला. दहा मिनिटांनी वहिनी बाहेर आल्या. "न्या. पण आधी घरचं सगळं होऊ दे." गंगाजल, तुळशीपत्र, सगळं झालं. आणि मग त्या कोऱ्या जागेवर त्यांनी सही केली. सहा वर्षं उशिरा.

कळव्याचा पूल ओलांडून महापालिकेच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. शरीररचनाशास्त्र विभागात मृत्यूचा दाखला, आधारच्या प्रती, आई-मुलाची संमती घेतली. कावीळ बी-सी, क्षयरोग, एचआयव्ही नव्हता ना, हे विचारलं. डोळे दिलेले असले तरी अडचण नव्हती. तिथल्या मॅडमनी मुलाला सांगितलं की विच्छेदनाला हात लावण्याआधी विद्यार्थी देहासमोर उभे राहून शपथ घेतात. तो पोरगा तोवर खंबीर होता, तिथे रडला. स्ट्रेचर आत गेल्यावर सिंधने हात वर करून दोनदा हलवला, गार्ड झेंडी हलवतो तसा.

म्हणून कळकळीने सांगतो. खिशात नेत्रदानाचं कार्ड, कपाटात देहदानाचा फॉर्म ठेवून बसलेले आपल्यात बरेच आहेत. घरी हे बोलणं अभद्र वाटतं म्हणून आपण ते मित्रांशी बोलतो. पण पहाटे साडेतीनला जिला ठरवावं लागतं, तिला आधी सांगा हो. आणि मित्रांनो, साक्षीदार म्हणून सही केलीत ना, मग पुढच्या रविवारी विचारा: घरी दाखवलास का? उडवून लावलं तर परत विचारा.

परवा मी माझा फॉर्म बायकोसमोर ठेवला. तिने चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, दोन-तीन प्रश्न विचारले, आणि म्हणाली, "मला जरा वेळ दे." फॉर्म देवघराच्या खणात आहे. तिची सही अजून व्हायची आहे. मी थांबलोय.