प्रिन्सची कीव, मक्तेदाराला सूट

पुण्यात मावशीच्या वाचनमंडळाने या महिन्यात इटालियन लेखक लाम्पेदूसाची 'द लेपर्ड' ही कादंबरी घेतली. 1860 ची सिसिली. इटली एक करायला निघालेल्या गॅरिबाल्डीचं सैन्य बेटावर उतरलंय, प्रिन्स फाब्रित्सिओचं घराणं खंगत चाललंय आणि दोन्नाफुगाता गावचा महापौर कालोजेरो सेदारा शेतामागून शेत घशात घालत वर येतोय. शेवटी प्रिन्सच्या भाच्यासाठी याच सेदाराच्या मुलीला मागणी घातली जाते, तीही खुद्द प्रिन्सकडून. मी सिसिलीतल्याच पालेर्मो शहरात राहतो म्हणून मावशीने फोनवर माझं मत विचारलं, म्हणजे स्वतःचं ऐकवलं.

मावशीचं माहेर सातारकडचं, इनामदारांचं. कूळकायद्यात जमिनी गेल्या त्याचा सल तिच्या बोलण्यात अजून येतो. तिला प्रिन्समध्ये आजोबा दिसले आणि सेदारात जमीन लाटणारं कूळ. मंडळातल्या तरुणांचं म्हणणं उलट: सरंजामी रडगाणं आहे, बुडाले ते बरंच झालं. तासभर जुंपली म्हणे.

मला दोन्ही बाजू चुकल्यासारख्या वाटतात, आणि एकाच ठिकाणी. आपल्याकडे जमिनीचं भांडण म्हटलं की दोनच पक्ष डोळ्यांपुढे येतात, मालक आणि कसणारा. सेदारा कसणारा नाही. सिसिलीत 1812 मध्ये सरंजामशाही कायद्याने संपली, पण मोठाल्या जागिरी बऱ्याचशा तशाच राहिल्या. मालक पालेर्मोच्या महालात राहायचे आणि जमीन ठरलेल्या रकमेवर मक्त्याने द्यायचे. हा मक्तेदार, म्हणजे इकडचा गाबेल्लोतो, ती तुकड्या-तुकड्यांनी शेतकऱ्यांना लावायचा आणि राखणीला बंदूकवाले घोडेस्वार ठेवायचा. पश्चिम सिसिलीत माफिया ज्या वाटांनी वाढला त्यातली ही मोठी वाट. त्या बंदुकीच्या जोरावर वसूल झालेला पैसा महालातल्या नाचगाण्यालाही पुरत होता.

मंडळातल्या एकाची तक्रार होती की कादंबरीत माफिया आहेच कुठे, गोळीबार तर कुठेच नाही! अहो, आहे. सेदाराने पळवून आणलेल्या बायकोचा बाप दोन वर्षांनी रस्त्यात मरून पडलेला सापडतो, पाठीत बारा गोळ्या. शिकारीच्या सोबतीला आलेला तुमेओ हे सगळं प्रिन्सला सांगतो. प्रिन्स ऐकून घेतो, घरी येतो, बातमी फुटू नये म्हणून तुमेओला बंदुकांच्या खोलीत कोंडतो आणि त्याच दिवशी सेदारापुढे लग्नाचा विषय काढतो. इतकं शांतपणे लिहिलंय की वाचणारा पुढच्या पानावर निघून जातो.

सिनेटच्या जागेचंही तसंच. इटलीच्या नव्या राज्याने देऊ केलेली जागा प्रिन्स नाकारतो, तेव्हा आपल्या मंडळींना त्यात वैराग्य दिसतं. नाकारताना तो सेदाराचं नाव सुचवतो, हे मावशीला आठवतच नव्हतं. माझे इथले शेजारी, निवृत्त शाळामास्तर, त्या प्रसंगावर एकच म्हणतात: शिफारसपत्र फुकटात दिलं.

इथल्या माणसाला हे लगेच कळतं, कारण त्याने ते रस्त्यावर पाहिलंय. कादंबरी 1958 च्या अखेरीस आली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तुविशारद एर्नेस्तो बाझीले यांनी बांधलेली व्हिला देलिएल्ला ही पालेर्मोतली हवेली रातोरात पाडायला घेतली. महापौर होते साल्वो लीमा, बांधकाम खात्यावर वीतो चान्चीमीनो. पुढे चान्चीमीनोंना माफियाशी संबंधांवरून शिक्षा झाली आणि लीमांना 1992 मध्ये माफियानेच मारलं. पाडकामाची परवानगी मात्र मागितली होती मालक असलेल्या उमराव घराण्यानेच. तिथे पुढे कित्येक वर्षं गाड्या लावत. पालेर्मोचे कितीतरी बंगले त्या काळात असे गेले आणि त्यांच्या जागी सिमेंटचे ठोकळे उभे राहिले. हल्ला झाला असं म्हणायची इथे पद्धत आहे, पण बऱ्याच ठिकाणी दार आतून उघडलेलं होतं.

लाम्पेदूसाबद्दल मला राग नाही. त्याचा स्वतःचा महाल 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बमध्ये गेला, आणि पुस्तक छापलेलं पाहायच्या आधीच तो वारला. दुःख खरं आहे. फक्त वाचकाने त्या दुःखाला निर्दोषपणाचा दाखला समजू नये.

मुंबईचं उदाहरण मावशीपुढे ठेवलं. 1982 च्या गिरणी संपाची गोष्ट आपण मालक विरुद्ध कामगार अशीच सांगतो. त्यानंतर गिरण्यांपेक्षा गिरण्यांखालच्या जमिनीला मोल आलं, टोळ्या फाटकाच्या आत आल्या, 1994 मध्ये एका गिरणीमालकावर भररस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. तो तिसरा माणूस आपल्या चर्चेत अजून गुन्हेगारीच्या पानावरच असतो, मालमत्तेच्या इतिहासात येत नाही.

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या वाड्यावरही वसुलीला दोन पहिलवान असायचे. पण ते आपलेच होते रे."