बटण स्टार्टबद्दलचा तो मेसेज: भीती दाखवलीय, पण भलत्याच गोष्टींची

नवी सेडान घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी एक मेसेज हमखास पाठवतं. बटण स्टार्ट, म्हणजे चावी न फिरवता बटण दाबून गाडी सुरू करणं, हे नवं फॅड आहे, नुसता देखावा. रिमोटचा सेल संपला की गाडी जागच्या जागी अडकते. चालत्या गाडीत चुकून बटण दाबलं गेलं तर इंजिन बंद, ब्रेक गायब, स्टिअरिंग लॉक. सुरू करताना आधी दोनदा बटण दाबून थांबलं नाही तर इंजिनची वाट लागते. चोर हवेतल्या हवेत चावी कॉपी करतात. आतले मोठे स्क्रीनही याच माळेतले, त्यामुळे चावी फिरवायची साधी गाडीच बरी. असा त्याचा एकूण सूर.

या सहा मुद्द्यांपैकी एक बरोबर आहे, एक अर्धा बरोबर आहे आणि उरलेले चार चुकीचे आहेत. आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. चावी नसलेल्या गाड्यांमुळे ज्या कारणाने खरोखर माणसं दगावली, त्याचा या मेसेजमध्ये एक शब्दही नाही.

"हे नवं फॅड आहे"

चावी फिरवून सेल्फ मारायची पद्धतच उशिरा आली. क्रायस्लरने ती १९४९ साली आणली. त्याआधी बहुतेक गाड्यांत चावीने फक्त वीजप्रवाह सुरू व्हायचा आणि स्टार्टरसाठी वेगळं बटण किंवा पायाने दाबायची कळ असायची. नवं आहे ते खिशातल्या रिमोटला गाडीने ओळखणं, आणि तेही मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलं होतं.

"सेल संपला की गाडी अडकली"

रिमोटमध्ये दोन वेगळ्या यंत्रणा असतात, हे कळलं की ही भीती उरत नाही. पहिली यंत्रणा अशी: गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर रिमोटला हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते. रिमोट तिला ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो आणि या उत्तरासाठी सेल लागतो. दुसरी यंत्रणा म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप. तिला सेलची गरजच नसते. गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते, फक्त अंतर काही सेंटीमीटरच असावं लागतं.

म्हणून सेल पूर्ण मेला तरी हे करायचं. रिमोटच्या कडेची छोटी कळ सरकवून आतली धातूची चावी ओढून काढा. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर कुलूप दिसत नसेल, तर बहुधा ते टोपीखाली लपलेलं असतं. टोपीच्या खालच्या बाजूला खाच असते, तिथे चावीचं टोक घालून ती उचकटा. दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. आत बसून ब्रेक दाबा, रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत रिमोट बटणाला टेकवायचा नसतो, त्यासाठी कन्सोलमध्ये, कप ठेवायच्या जागेत किंवा स्टिअरिंग कॉलमवर खूण केलेली जागा असते. आपल्या गाडीत ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघा आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

सेल बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. दिसायला तसाच असलेला सीआर २०२५ फक्त २.५ मिलिमीटर जाड असतो. तो त्या खोबणीत ढिला बसतो आणि गाडी कधी रिमोट ओळखते, कधी नाही. जुना सेल काढताना अधिक चिन्हाची बाजू कुठे होती ते बघून ठेवा, नवा सेल कडेने धरा आणि आतल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवू नका. सेल थकल्याचं लक्षण आधीच दिसतं: रिमोट खिशात असताना हँडलला हात लावून दार उघडत नाही, पण रिमोटचं बटण अगदी जवळून दाबलं की उघडतं. सेल वारंवार संपत असेल तर रिमोट कुठे ठेवता ते तपासा. फोनचा चार्जर, टीव्ही किंवा कॉम्प्युटरच्या शेजारी, किंवा गाडीपासून दोन-तीन पावलांवर ठेवलेला रिमोट सारखा जागा होत राहतो.

बटण दाबूनही गाडी सुरू होत नाही तेव्हा दोष बहुधा दुसरीकडेच असतो. एक तर १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते. नाही तर ब्रेक लाइटचा स्विच गेलेला असतो. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नाही, मग बटण दाबल्यावर डॅशबोर्ड उजळतो पण सेल्फ लागत नाही. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते बघा. पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युम संपलेला असतो. अशा वेळी पाय नेहमीपेक्षा बराच जोर देऊन दाबून ठेवावा लागतो.

"चालत्या गाडीत बटण दाबलं गेलं तर संपलं"

चालत्या गाडीत एकदा ओझरतं बटण दाबलं तर बहुतेक गाड्या त्याकडे दुर्लक्ष करतात. इंजिन बंद करायला बटण सलग दोन-तीन सेकंद दाबून ठेवावं लागतं, किंवा पटापट तीनदा दाबावं लागतं.

खरा धोका नेमका उलटा आहे. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटी इथे एका लेक्सस ईएस ३५० चं ॲक्सिलरेटर पेडल पायाखालच्या मॅटमध्ये अडकलं. गाडी सुसाट सुटली आणि आतले चौघंही गेले. त्या गाडीचं इंजिन बंद करायला बटण तीन सेकंद दाबून ठेवावं लागत असे. घाबरलेला माणूस बटण टकटक दाबतो, धरून ठेवत नाही. त्यामुळे चुकून बंद होण्याच्या भीतीपेक्षा मुद्दाम बंद कसं करायचं हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं आहे. पेडल अडकलं तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप करू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना बूस्टरला नवा व्हॅक्युम जवळजवळ मिळत नाही आणि प्रत्येक पंपिंगला साठलेला खर्च होतो. मग न्यूट्रल टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी कडेला घ्या आणि मगच बटण दाबून धरा. पायाखाली एकावर एक दोन मॅट कधीच टाकू नका.

इंजिन बंद पडल्यावर ब्रेक गायब होत नाहीत. साठलेल्या व्हॅक्युमवर एक-दोन वेळा नीट लागतात, नंतरही लागतात, पण जोर खूप द्यावा लागतो. स्टिअरिंग जड होतं, लॉक होत नाही. बटणाच्या गाडीत लॉकचा खटका गाडी थांबून बंद झाल्यावर, बहुधा दार उघडल्यावरच पडतो.

आणि फिरवायच्या चावीला निर्धोक म्हणणाऱ्यांनी जनरल मोटर्सचं २०१४ चं रिकॉल आठवावं. शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत चावीच्या स्विचची स्प्रिंग इतकी हलकी होती की जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी चालत्या गाडीत मागे फिरायची. इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

"आधी दोनदा बटण दाबून थांबा, नाही तर इंजिन खराब होईल"

याला काही आधार नाही. ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की डॅशबोर्ड उजळतो, पण इंजिन फिरल्याशिवाय ऑइलचा पंप फिरत नाही. मग पाच सेकंद थांबा की पन्नास, ऑइलचा दाब शून्यच. डिझेल गाडीत ग्लो प्लग तापेपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच स्टार्टर रोखून धरतो. स्टार्टर किती वेळ फिरवायचा तेही तोच ठरवतो, आणि चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारून स्टार्टरच्या गिअरचे दात झिजवायची चूक या गाडीत होऊच शकत नाही. पाय ब्रेकवर ठेवून एकदा बटण दाबा, बस. एखाद्या पेट्रोल गाडीत आधी डॅशबोर्ड उजळवून थांबलं तरच लवकर सेल्फ लागत असेल, तर रात्रभरात इंधनाच्या लाइनमधला दाब उतरतोय असा त्याचा अर्थ. ते दुखणं आहे, दुरुस्त करून घ्या.

"चोर चावी कॉपी करतात"

हा अर्धा बरोबर मुद्दा. सहसा कॉपी होत नाही, कारण उत्तर दर वेळी बदलतं. चोर करतात ते सिग्नल लांबवणं. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी, आणि मधल्या यंत्रामुळे गाडीला वाटतं रिमोट जवळच आहे. २०११ मध्ये ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून दाखवलं आणि दहाही उघडली. यावर आता काही रिमोटमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. रिमोट टेबलावर पडून राहिला की झोपी जातो. काही गाड्या अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्राने सिग्नलच्या प्रवासाचा वेळ मोजून खरं अंतर काढतात. गाडी घेताना यातलं काय आहे ते विचारा.

सिग्नल अडवणारं पाकीट वापरत असाल तर त्याची परीक्षा घ्या. रिमोट पाकिटात बंद करून गाडीशेजारी उभे राहा आणि हँडलला हात लावा. दार उघडलं तर पाकीट कुचकामी. शिवणीपाशी झिजली की ही पाकिटं निकामी होतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हे करा. कपाटातला दुसरा रिमोट विसरू नका, तोही तितकाच बोलतो.

पण म्हणून साधी चावी सुरक्षित? अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या सुमारे ८३ लाख गाड्यांना चोरी रोखणारी सुधारणा द्यावी लागली. या चावी फिरवायच्या आणि इमोबिलायझर नसलेल्या गाड्या होत्या. त्याच कंपन्यांच्या बटण स्टार्ट गाड्यांत इमोबिलायझर होता, त्या तितक्या सहज चोरता येत नव्हत्या.

"स्क्रीनही त्याच माळेतले"

इथे मेसेज बरोबर आहे. 'वी बीलेगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामं किती वेळात होतात ते मोजलं. २००५ च्या बटणांच्या व्होल्वो व्ही७० मध्ये १० सेकंद लागले, सगळ्यात वाईट स्क्रीनवाल्या गाडीत ४५ च्या आसपास. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे जाते. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हजार्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांच्या हाताने चालणाऱ्या कळांना गुणांशी जोडलं आहे. शोरूममध्ये बसल्यावर नजर समोर ठेवून काचेवरचं धुकं घालवायची कळ आणि हजार्ड शोधा. बोटाला सापडत नसेल तर डॅशबोर्ड कितीही देखणा असला तरी रोज त्रास देणार.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट

ऑटोमॅटिक गाडीत फिरवायची चावी 'पी' (पार्किंग) टाकून इंजिन बंद केल्याशिवाय निघत नाही. बटणाच्या गाडीत ही आडकाठी गेली. रिमोट खिशात असतो, इंजिनचा आवाज येत नाही, माणूस उतरून घरात जातो. हायब्रिडमध्ये तर उतरताना इंजिन खरोखर बंद असतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. घराला जोडून बंद गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत झिरपतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणसं गेल्याच्या घटना अमेरिकेत अनेक नोंदल्या गेल्या. टोयोटाने तिथे २०२० च्या मॉडेलपासून ठरावीक वेळेनंतर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय द्यायला सुरुवात केली. ती आपल्या गाडीत आहे का, हा प्रश्न सेलपेक्षा आधी विचारा. जोडून गॅरेज असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

उतरायचा क्रम असा: ब्रेक, 'पी', हँडब्रेक, मग बटण. 'पी' न टाकता बटण दाबलं तर बऱ्याच गाड्या पूर्ण बंद न होता ॲक्सेसरीवर, म्हणजे इंजिन बंद पण वीज चालू, अशा राहतात. सकाळी बॅटरी बसलेली, आणि उतारावर गाडी घरंगळायचीही भीती. म्हणून डॅशबोर्ड पूर्ण काळा झाल्याचं बघा आणि मगच दार उघडा.