साताऱ्याच्या चढावर ई-सायकल: फिरत्या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज बराच फिरतोय. कामावर जायला मोटारसायकल सोडून ई-सायकल घेऊ नका, असं त्यात ठासून सांगितलंय. कारणं अशी: चढ चढत नाही, बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते, पावसात शॉक बसतो, पंक्चर कुणी काढत नाही, पोलीस लायसन्स मागतात आणि पैसे काही वाचत नाहीत. यातलं काही साफ खोटं आहे, काही अर्धं खरं. नुकसान जास्त होतं ते अर्ध्या खऱ्यानं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“२५० वॅटच्या मोटरने साताऱ्याचे चढ चढत नाहीत.”

आधी आकडे पाहू. चालवणारा ७५ किलो, सायकल २५ किलो, म्हणजे एकूण १०० किलो. २५० वॅटपैकी चाकापर्यंत साधारण २०० वॅट पोचतात. १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर एकटी मोटर तुम्हाला ताशी १२ किलोमीटरने वर नेते. दम न लागता पॅडल मारत राहिलात, तर हाच वेग १६-१७ होतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे येणारा चढ यापेक्षा सौम्यच आहे.

समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे आणि पुढे यवतेश्वरच्या घाटात मात्र गणित बदलतं. १०० मीटरला १० मीटरच्या चढावर नुसत्या मोटरचा वेग ताशी ६-७ वर येतो. इतक्या कमी वेगात हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर) करंट भरपूर ओढते आणि त्यातल्या मोठ्या भागाची उष्णता होते. गिअरवाल्या हब मोटरच्या आत नायलॉनची दातेरी चाकं असतात. ती तापून मऊ पडली की दात झिजतात. मग मोटर घरघरत फिरते, पण चाकाला जोर मिळत नाही. यावर उपाय एकच: चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाका, पॅडल मारत राहा, वेग १० च्या खाली जाऊ देऊ नका. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता एकट्या मोटरवर, घाट चढू नका.

म्हणूनच बिनगिअरची ई-सायकल साताऱ्यात घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्याला ती छान चालते; इथे मागे सात गिअर हवेतच. घेण्याआधी दुकानदाराकडून चाचणी मागताना बॅटरी निम्मी असलेली सायकल मागा आणि ती बोगद्याच्या चढावर न्या. बॅटरी उतरली की व्होल्टेज पडतं आणि चढावर जोर कमी होतो. फुल्ल चार्जवर सपाट गल्लीत मारलेल्या फेरीत यातलं काहीच कळत नाही.

“बॅटरी दोन वर्षांत भंगार.”

लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या स्वस्त सायकलींबद्दल हे खरं आहे. ती बॅटरी २००-३०० चार्जिंगनंतर ढेपाळते, शिवाय वजन जास्त. लिथियमचा हिशेब वेगळा. ३६ व्होल्ट १० अ‍ॅम्पिअर-अवरच्या पॅकमध्ये ३६० वॅट-अवर ऊर्जा असते. साताऱ्याच्या चढउतारावर पॅडल मारत गेलात तर किलोमीटरला १५ वॅट-अवर धरा. जाऊन-येऊन १६ किलोमीटरला २४० लागतात. वर्षाला ३०० दिवस वापर धरला, तर पूर्ण चार्जिंगच्या हिशेबाने ही २०० चार्जिंग झाली. चांगला लिथियम पॅक ५०० ते ८०० चार्जिंगनंतर ८० टक्क्यांवर येतो. म्हणजे अडीच ते चार वर्षांनीही त्यात २८८ वॅट-अवर उरतात, आणि तुमची गरज २४० ची आहे.

लिथियमही दोन वर्षांत मरते, पण वेगळ्या कारणाने. पावसाळा आला म्हणून सायकल चार महिने कोपऱ्यात उभी, बॅटरी शून्यावर. शून्य दिसतं तेव्हा बॅटरीतल्या सर्किटने ३० व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडलेला असतो. त्यानंतरही सेल थोडे थोडे उतरत राहतात आणि एका मर्यादेखाली गेले की चार्जर त्यांना उचलतच नाही. सायकल उभी ठेवायची असेल तर बॅटरी निम्मी भरून घरात ठेवा आणि महिन्याने एकदा बघा. आणखी एक: चढ चढून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या.

डब्यावर छापलेले “४० किलोमीटर” मनावर घेऊ नका. नुसत्या थ्रॉटलवर ३६० वॅट-अवरच्या पॅकमध्ये १८-२० किलोमीटरच मिळतात.

“पावसात शॉक बसतो.”

३६ व्होल्टचा पॅक पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट डीसी असतो. चालवताना त्याने जीवघेणा शॉक बसत नाही. धोका घरातल्या २३० व्होल्टच्या बाजूला आहे: ओला चार्जर, ओला सॉकेट, ओले हात. पावसातून आल्यावर चार्जिंगचं तोंड कोरडं पुसल्याशिवाय पिन घालू नका.

पाण्याने माणसाला नाही, सायकलला त्रास होतो. मोटरची वायर एक्सलमधून आत जाते. ती वरून सरळ खाली येत असेल तर पाणी वायरीवरून ओघळत थेट मोटरमध्ये उतरतं. वायरीला एक्सलच्या खाली थोडा झोळ देऊन मग वर घ्या, पाणी झोळाच्या टोकावरून गळून जातं. जोडणीच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा हबवर आणि कंट्रोलरवर (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीवर) अजिबात मारू देऊ नका. रस्त्यावरचं पाणी एक्सलपर्यंत असेल तर उतरून मागे फिरा. सुरू करताना मोटर थरथरली, झटके देऊ लागली, तर आतल्या हॉल सेन्सरपर्यंत (मोटर किती फिरली ते ओळखणाऱ्या भागापर्यंत) ओल गेल्याची किंवा वायर तुटल्याची शंका घ्या.

“पंक्चर कुणी काढत नाही.”

पंक्चरवाला नाही म्हणतो तो मोटरचं चाक उतरवायला लागेल या भीतीने. बहुतेक वेळा उतरवायची गरजच नसते. सायकल आडवी करा, काटा किंवा खिळा सापडला की तेवढ्या भागातला टायर रिमवरून सोडवा, ट्यूब बाहेर ओढा, तिथेच पॅच लावा. एवढं सांगितलं की कुठलाही पंक्चरवाला करतो.

ट्यूबच बदलायची असेल तर चाक काढावं लागतं. आधी मोटरच्या वायरीची जोडणी सरळ ओढून सोडवा, पिळू नका. एक्सलचा नट बहुधा १८ च्या पान्याने निघतो. नटाजवळ एक वॉशर असतो, त्याला बाहेर आलेली जीभ असते. ही जीभ सायकलच्या चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाचेत बसते आणि एक्सलला फिरू देत नाही. चाक परत बसवताना हाच वॉशर उलटा बसतो किंवा टपरीवरच राहून जातो. मग पहिल्याच चढावर मोटर जोर लावते, चाकाऐवजी एक्सल फिरते आणि वायर पिळून तुटते. पंक्चरचं काम मोटरच्या दुरुस्तीवर जातं. म्हणून नट काढायच्या आधी वॉशरचा मोबाइलवर फोटो घ्या आणि शेवटी नट लांब पान्याने घट्ट आवळा.

पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर मागच्या चाकाचं आउट काढून स्पोक ताणून घ्या. मोटरच्या चाकाचे स्पोक सैल राहिले की तुटतात, आणि एक तुटला की शेजारचे त्याच्या मागे जातात. ब्रेक डिस्कचेच घ्या. साताऱ्याच्या उतारावर २५ किलोची सायकल रबराच्या ब्रेकवर सोडणं धोक्याचं आहे.

लायसन्सचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ पर्यंत आणि वाहनं तपासणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही. वेगाच्या मर्यादेचं “लॉक काढून” ४० ने पळणारी सायकल मात्र कायद्याने मोटार वाहन आहे, दुकानदार काहीही सांगो.

“पैसे वाचत नाहीत.”

महिन्याला ४०० किलोमीटर धरा. लिटरला ५० देणाऱ्या मोटारसायकलला ८ लिटर लागतात. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ८४० रुपये. सायकलला चार्जरमधली घट धरून ७ युनिट. युनिट १० रुपयांचं धरलं तरी ७० रुपये. वर्षाला नऊ हजार वाचले. त्यात मोटारसायकलच्या ऑइल-सर्व्हिसिंगचे अडीच हजार मिळवा. १४ हजारांची बॅटरी चार वर्षांत विभागून साडेतीन हजार, आणि टायर, ब्रेक पॅड, चेन यांचे दोन हजार वजा करा. हातात सहा हजार राहतात. ३५ हजारांची सायकल वसूल व्हायला जवळपास सहा वर्षं लागतात. रोजचं अंतर जाऊन-येऊन ५-६ किलोमीटरच असेल तर नुसत्या पैशासाठी बदल करू नका. इथे मेसेज बरोबर आहे.

ई-सायकल घेऊ नका हा त्याचा सल्ला आणखी दोन ठिकाणी बरोबर ठरतो, जरी ही कारणं त्यात लिहिलेली नाहीत. मागे रोज माणूस बसवायचा असेल तर ई-सायकल त्या कामाची नाही. आणि कामाचं ठिकाण गाठायला महामार्गाच्या मुख्य लेनवरूनच जावं लागत असेल, सर्व्हिस रोड सलग मिळत नसेल, तर ट्रकांच्या रांगेत २५ च्या वेगाने जाऊ नका, तिथे मोटारसायकलच ठेवा.