डाकोटा, नेत्रा आणि पुष्पी

माझं नाव किरण. लोकांना वाटतं, सूर्याचा. मी एचजेटी-16 चा. हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या ज्या जेटवर शिकल्या, ते 'किरण'. बाबा ओझरला 'मिग'मध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यात, होते (कारखान्याचं पूर्ण नाव आमच्याकडे फक्त पगाराच्या स्लिपवर असायचं) आणि घरातली सगळी बारशी त्यांनी हँगरमध्ये उभं राहिल्यासारखी उरकली. धाकट्याचं नाव अजीत. 'अजीत' म्हणजे 'नॅट' या छोट्या लढाऊ विमानाची सुधारित आवृत्ती, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मूळ आवृत्ती तिथेच भजी खात बसलेली असायची.

हाल झाले ते मधलीचे. आपल्याकडच्या विमानांत पोरींना देण्याजोगं नाव सापडायची मारामार. मारुत, चेतक, दीपक, ध्रुव, रुद्र, तेजस. अलीकडचं हेलिकॉप्टर तर 'प्रचंड'! 'किरण' दोन्हीकडे चाललं असतं, पण ते मी आधी जन्मून बळकावलं होतं. मग बाबांनी फ्लाइंग क्लबातलं दोन सीटचं 'पुष्पक' शोधून काढलं आणि बहिणीची पुष्पा केली. वर्गात चार स्नेहल, तीन अश्विनी आणि ही एकटी पुष्पा.

आता मला मुलगी झाली. गुरुजी म्हणाले, पुष्य नक्षत्र, चौथा चरण, अक्षर 'डा'. आईला डाळिंबाच्या पुढे काही सुचेना. बाबांचे डोळे मात्र लकाकले.

"डाकोटा!"

कुणी काही बोलायच्या आत पुरावा आला. 27 ऑक्टोबर 1947 ला आपलं सैन्य श्रीनगरला कशातून उतरलं? डाकोटा विमानांतून. इतिहास चोख होता. बायको म्हणाली, "बाबा, नात आहे तुमची. मालवाहू नाही."

बाबा हिरमुसले, पण रात्री वही घेऊन आले. पूर्वी दुधाचा हिशेब असायचा तीच वही. तेजस्वी, सारसी (पुढे प्रश्नचिन्ह), नेत्रा, आणि प्रत्येकीसमोर मूळ विमानाची माहिती. खोडलेल्या 'मारुती'पुढे शेरा होता : '1961. दिसायला देखणं. मनासारखं इंजिन कधीच मिळालं नाही.' तो वाचून बायकोने माझ्याकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही.

शेवटी 'नेत्रा'वर जमलं. बायकोच्या माहेरी डोळे म्हणून, आमच्याकडे रडार म्हणून. 'नेत्र' हे पाठीवर रडार घेऊन लांबची चाहूल घेणारं विमान. आणि आमचं बाळ शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी उठतं. 'डा' पत्रिकेत राहिला.

पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पुष्पी आली, चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये टाकली.

"बघते," म्हणाली.

बारसं ओझरलाच, गच्चीवर. पाळण्याखालून-वरून बाळ देऊन-घेऊन झालं. पुष्पी वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" म्हणाली, आणि नेमकं तेव्हाच डोक्यावर आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला उचललेले बायकांचे हात आपापल्या कानांवर गेले. घुगऱ्यांचं ताट थरथरलं.

आवाज विरला. पुष्पी पदर सारखा करत उभी राहिली.

"काय ठेवलंस गं?" आई.

"तिला सांगितलंय."

बाळ टक्क जागं, आत्याकडे बघतंय. मी मदतीसाठी बाबांकडे वळलो. त्यांची मान अजून वरच.

"सुखोई," ते म्हणाले. "ओव्हरहॉल करून निघालेलं दिसतंय. आवाज बघ कसा खणखणीत!"