पाचव्या महिन्यात नॉर्मल, मग आता एमआरआय कशाला?

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल असेल तर बाळाच्या मेंदूत जन्मजात दोष असूच शकत नाही. बाळ रडतंय, अंगावर पितंय म्हणजे मेंदू ठणठणीत. टाळूवरची सोनोग्राफी नि एमआरआय म्हणजे कोवळ्या मेंदूला किरणं. दोष निघालाच तर इलाज नसतो, मग पैसे का घालवा? शेवटी दोष ग्रहणावर ढकललेला आहेच. मला तो विडी घरकुल वसाहतीतल्या एका आजींनी दाखवला. एका हातात मोबाईल, दुसरा हात नातवाच्या टाळूवर झाकलेला. "लेकराला ते मशीन लावू नका."

पाचव्या महिन्यातली, म्हणजे १८ ते २० आठवड्यांची तपासणी करायलाच हवी. पण त्या वयात कुठल्याही बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो; बहुतेक वळ्या पुढे पडतात. त्यामुळे ज्या विकारात त्या पडतच नाहीत, त्या लिसेन्सेफॅलीचा मेंदू तेव्हा चारचौघांसारखाच दिसू शकतो. दोन अर्धगोलांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, तोही त्याच सुमारास जेमतेम आकाराला येतो. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की त्या दिवशी जे दिसायला हवं होतं ते दिसलं. रिपोर्ट देणाऱ्यानं फसवलं असं नाही.

आजींच्या नातवात तो पूलच नव्हता. पूल नसला की मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फाकतात आणि समोरून त्यांची टोकं वर वळलेली दिसतात. स्क्रीन वळवून बापाला दाखवली. तो सांगोल्याकडचा. म्हणाला, "खिलाराची शिंगं की ही!" पुस्तकातली उपमाही फार वेगळी नाही.

रडण्याचं म्हणाल तर रडणं, चोखणं, श्वास हे सगळं मेंदूच्या बुंध्यातून चालतं. हायड्रॅनेन्सेफॅलीत मोठ्या मेंदूच्या जागी बहुतांशी पाणीच असतं, तरी असं बाळ सुरुवातीला रडतं, पितं. पूर्वी अंधाऱ्या खोलीत डोक्याला टॉर्च लावून बघत; डोकं कंदिलासारखं उजळायचं.

"इलाज नाही" या वाक्याचा मला खरा राग येतो. नसलेला पूल बांधता येत नाही, कबूल. पण सोबत दुसरा दोष नसेल तर अशी बरीच मुलं शाळेत जातात, आणि तो दुसरा दोष आहे का हेच तर शोधायचं असतं. सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेसियात मेंदूतला मधला पातळ पडदा नसतो किंवा डोळ्यांच्या नसा बारीक असतात, आणि मेंदूखालची पिट्युटरी ही संप्रेरकं सोडणारी ग्रंथीही कमी पडू शकते. मग बाळाची साखर घसरते, कावीळ लांबते. वेळेत कळलं तर हायड्रोकॉर्टिसोनसारख्या औषधावर बाळ निभावतं. नाही कळलं तर साध्या तापातही जीव जाऊ शकतो. मेंदूत पाणी साठत असेल तर शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, टाकता येतो.

ग्रहणावर शाई घालवत नाही. मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत कितीदा तरी. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायचं. आणि आपल्याकडे मामाच्या पोरीशी लग्न होतं, ते डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. काही विकारांत नवरा-बायको दोघांकडेही तोच दोष लपलेला असतो; मग प्रत्येक खेपेला बाळाला तो विकार व्हायची ४ पैकी १ शक्यता.

राहिली किरणं. टाळूवर लावतो तो नुसता आवाज, कानाला ऐकू न येणारा. टाळूच्या त्या खिडकीतून वरच्या वळ्या आणि मागचा खालचा भाग नीट दिसत नाही, म्हणून एमआरआय. त्यात चुंबक आणि रेडिओलहरी असतात. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये असतात, म्हणून तान्ह्यांना तो होता होईल तो टाळतात. भूलही बहुधा लागत नाही: पोटभर पाजायचं, कान झाकायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, की झोपतं. अंगावर धातू मात्र चालत नाही.

आजींनी मनगट्या काढल्या, वाळे काढले. करदोड्याची चांदीची घुंगरं सोडवायला मात्र त्यांना सुनेची नाही, लेकीची मदत लागली. त्या आईच्या आई होत्या.