आंदोलनाने काही होत नाही, योगायोगाने होतं

आंदोलन करून सरकारचं धोरण बदलतं का, असं तुम्ही विचारताय म्हणजे तुमच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. वेळीच सावध करतो. काहीही बदलत नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे अनेकदा सिद्ध केलंय. "या लोकांना कामधंदा नाही का?" असं ते विचारतात, शक्यतो रविवारी सकाळी, दुसऱ्या चहानंतर. रविवारची ही सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी भांडून मिळवली, हे त्यांना सांगायला जाऊ नका. चहा निवतो.

धोरणं बदलतात, नाही असं नाही. पण ती योगायोगाने बदलतात. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी दुसरी एखादी भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० मुलांनी मागावी, अशी सोयही केली. सहा वर्षांच्या मुलांनी कोरम कसा जमवायचा, ते मात्र निर्णयात नव्हतं. मग ५ जुलैच्या मोर्चाची घोषणा झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. मोर्चा निघालाच नाही, तेव्हा मोर्चामुळे निर्णय फिरला असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. महापालिकांच्या निवडणुका तोंडावर होत्या, हाही योगायोगच. समिती नेमली, हा मात्र योगायोग नाही. ती नेमतातच.

कृषी कायद्यांचंही तेच. सप्टेंबर २०२० मध्ये कायदे झाले, नोव्हेंबरअखेर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर येऊन बसले, ते वर्षभर उठले नाहीत. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागे घेतले आणि कारणही दिलं: कायद्यात खोट नव्हती, काही शेतकऱ्यांना समजावण्यात आपलीच तपस्या कमी पडली. बघा, सिंघू आणि टिकरीवर थंडी, पाऊस, ऊन काढणाऱ्यांचा इथे काही संबंध आहे का? तपस्या यांची कमी पडली, कायदे गेले. २९ नोव्हेंबरला संसदेने ते चर्चेविनाच रद्द केले. पुढच्या काही महिन्यांत पंजाब आणि उत्तर प्रदेशात मतदान होतं, पण तुम्ही फारच खोलात शिरताय.

तरीही तुम्हाला खुमखुमी असेलच, तर निदान शिस्तीत करा. मुंबईत संतापासाठी आझाद मैदान राखून ठेवलंय. मंत्रालय तिथून पुरेसं लांब आहे, आतल्या साहेबांच्या दुपारच्या डुलकीत व्यत्यय येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला परवानगी मिळाली ती सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि माणसं ५,०००. बँकेपेक्षा वेळ जास्त आहे, कुरकुर करू नये. पाच हजार एकावा माणूस असाल तर आपलं दुःख घेऊन पुढच्या तारखेला या. त्या वेळी आलेल्यांनी ना डोकी मोजली ना घड्याळ पाहिलं, आणि पाचव्या दिवशी, २ सप्टेंबरला, मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटियरच्या, म्हणजे निजामकाळातल्या नोंदी धरण्याचा शासन निर्णय निघाला. त्याविरुद्ध लगेच ओबीसी रस्त्यावर उतरले. म्हणजे काहीही होत नाही या गोष्टीवर लोकांचा विश्वास किती कमी आहे, बघा.

उपोषणाला बसलात तर मोसंबीच्या रसावर लक्ष ठेवा. ग्लास घेऊन कोण येतो त्यावरून तुमचा भाव कळतो. तहसीलदार आले तर पडून राहा. राज्यमंत्री आले तर उठून बसा. पालकमंत्री आले, बरोबर कॅमेरे आले आणि "सरकार सकारात्मक आहे" हे वाक्य आलं, की घोट घ्या, पण कागद हातात पडल्यावर. रस आधी आणि कागद मागून, अशी चूक करणारे पुष्कळ आहेत. ते पुन्हा उपोषणाला बसलेले दिसतात.

चालत यायचं असेल तर मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या आदिवासी शेतकऱ्यांसारखं या. सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस. डोक्यावर लाल टोपी. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या बाया चालत होत्या, कुणाच्या पायात चप्पल होती, कुणाच्या पायात फक्त फोड. तळव्याची कातडी सालासारखी सुटलेली, ते फोटो तुम्हीही पाहिलेत. रविवारी सायनच्या सोमय्या मैदानावर पोचले, तर दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. मुलांचा खोळंबा नको म्हणून ती माणसं अंगाचं मुटकुळं न करता मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. आमचे काकाही त्या दिवशी ग्रुपवर गप्प होते. त्यांच्या नातीचा पेपर होता.

संध्याकाळपर्यंत लेखी आश्वासन मिळालं. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली. ज्या वनहक्क कायद्याखाली ते दावे होते तो २००६ चा, म्हणजे बारा वर्षांचा घोडा झालेला. परत जायला खास रेल्वेगाड्याही सोडल्या. लोकांना घरी पाठवण्यात आपली यंत्रणा कधी कमी पडत नाही. सहा महिने उलटले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसं पुन्हा नाशिकहून निघाली, पुन्हा लेखी आश्वासन घेऊन परतली. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा निघाली आणि वाशिंदपर्यंत आली, तेव्हा सरकार पुन्हा सकारात्मक झालं.

तेव्हा जाणारच असाल तर सामान नीट घ्या. टोपी, पाण्याची बाटली, फोडांवर लावायला मलम, आणि आश्वासनाचा कागद ठेवायला प्लास्टिकची पिशवी. घामाने शाई पसरते. परत आल्यावर त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. पुढच्या मोर्चाला लागतात.